देह पालटला, नोंद मागे राहिली

१५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे लोबझांग जीवक नावाच्या एका इंग्रज बौद्ध श्रामणेराचे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. हे गृहस्थ ऑक्सफर्डचे पदवीधर, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डॉक्टर आणि एका आयरिश सरदार घराण्याचे वारस होते. त्यांचे पूर्वीचे नाव मायकेल डिलन. पुरुष म्हणून जगता यावे यासाठी टेस्टोस्टेरॉन घेणारी जी पहिली माणसे इतिहासाला ठाऊक आहेत, त्यांत डिलन यांची गणना होते.

१ मे १९१५ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा नोंद मुलगी म्हणून झाली. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली. फोकस्टन येथे आत्यांनी त्यांना वाढविले. ऑक्सफर्डमध्ये ते स्त्रियांच्या नौकानयन मंडळाचे अध्यक्षही होते. परंतु स्त्री म्हणून ओळखले जाणे त्यांना कधीच मानवले नाही.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ साली वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनविताही आले. डॉ. जॉर्ज फॉस हे स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर त्याचा प्रयोग करीत होते. १९३९ मध्ये त्यांनी डिलन यांना गोळ्या दिल्या, मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञास भेटण्याची अट घातली. त्या तज्ज्ञाकडूनच गोष्ट बाहेर फुटली! कामाच्या ठिकाणी कुजबुज सुरू झाली आणि डिलन ब्रिस्टलला जाऊन एका गॅरेजमध्ये पेट्रोल भरू लागले.

औषधाने आपले काम सावकाश पण चोख केले. ते घेतल्यावर आवाज काही महिन्यांत फुटतो, मासिक पाळी बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते, मुरुमे येतात, स्नायू भरतात. दाढी पुरती भरण्यास चार-पाच वर्षेही लागतात. आणि घराण्यात टक्कल असेल तर तेही वाट्यास येते. औषध सोडल्यास पाळी परतू शकते, पण फुटलेला आवाज परत जात नाही. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली असेही नव्हे. रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू शकतात, म्हणून आज डॉक्टर वेळोवेळी रक्त तपासतात. डिलन यांच्या वेळी असा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता. लवकरच गॅरेजचे ग्राहक त्यांना पुरुष समजू लागले आणि व्यवस्थापकाने इतर कामगारांनाही तसेच बोलण्याची ताकीद दिली.

गोळ्यांनी स्तन नाहीसे होत नाहीत. त्यासाठी १९४२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. १९४४ मध्ये जन्मदाखला बदलून मिळाला. पुढे प्रख्यात प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात त्यांच्यावर तेरा शस्त्रक्रिया केल्या. याच काळात डिलन डब्लिनला वैद्यकाचा अभ्यास करीत होते. जखमा चिघळून लंगडावे लागले की युद्धातील दुखापतीचे निमित्त सांगत. मन देहाप्रमाणे बदलता येत नसेल तर देह मनाप्रमाणे बदलावा, हा विचार त्यांनी १९४६ साली एका पुस्तकात मांडला. त्यात स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही.

घात झाला तो कागदामुळे. सरदार घराण्यांच्या दोन नामावल्यांपैकी ‘डेब्रेट’ने दुरुस्ती मान्य केली, ‘बर्क’मध्ये मात्र मुलगीच राहिली. १९५८ मध्ये ही विसंगती वृत्तपत्रांच्या ध्यानी आली. तेव्हा डिलन जहाजावर डॉक्टर होते. बाल्टिमोर बंदरात वार्ताहरांनी त्यांना गाठले. नोकरीवर पाणी सोडून ते भारतात आले.

कालिंपाँगला ते इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्याकडे राहिले. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर डिसेंबर १९५६ मध्ये नागपुरात शोकाकुल जनतेला धीर देणारे ते हेच. बुद्धाच्या वैद्याचे जीवक हे नाव डिलन यांनी घेतले. परंतु विनयाचे नियम आड येऊन भिक्षूची पूर्ण दीक्षा त्यांना मिळाली नाही. लडाखमधील रिझोंग विहारात ते श्रामणेर म्हणून राहिले, आणि पोरासोरांच्या बरोबरीने पडेल ते काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी त्यांनी आत्मचरित्र पुरे केले. पुढे दोन आठवड्यांत ते गेले. हस्तलिखित जाळून टाकावे अशी भावाची इच्छा होती. ते वाचले, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी छापले गेले. मुखपृष्ठावर मायकेल डिलन आणि लोबझांग जीवक अशी दोन्ही नावे आहेत.