दाहाचा आणि वार्धक्याचा अभ्यासक : एली मेचनिकॉफ

जखम झाली की तेथे सूज येते, त्वचा लाल होते, ठणका लागतो. या दाहाकडे एकोणिसाव्या शतकातील वैद्यक बहुतांशी विकृती म्हणूनच पाहत असे. तो शरीराने आपल्या बचावासाठी दिलेला लढा आहे, हे ठामपणे मांडले ते एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. हीच संरक्षक यंत्रणा म्हातारपणी मेंदूवर उलटते काय, हा प्रश्नही पुढे त्यांनीच उपस्थित केला.

आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव्हच्या परिसरात १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. बुद्धी विलक्षण, स्वभाव मात्र टोकाचा. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा इतकी मोठी होती की उलटी झाली आणि ते वाचले. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली, त्या काळात पुन्हा एकदा त्यांनी तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. यातूनही ते उठले.

१८८२ मध्ये ते सिसिली बेटावरील मेसिना येथे होते. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात बागेतल्या झाडाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शिरकाव करणाऱ्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशी. प्रतिकारशक्ती रक्तद्रवात असते असे मानणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांशी त्यांचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते विरुद्ध पक्षातील पाउल एर्लिख यांच्यासह विभागून. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

१८८८ पासून पॅरिसची पाश्चर संस्था हेच त्यांचे कार्यक्षेत्र. त्यांचे ओडेसातील शिष्य वाल्डेमार हाफकिन तेथूनच हिंदुस्थानात आले. १८९६ च्या प्लेगने मुंबई हवालदिल झाली असताना त्यांनी येथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था ही अशी मेचनिकॉफ यांच्या परंपरेतली आहे.

वार्धक्याच्या अभ्यासाला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे तो मेचनिकॉफ यांनीच १९०३ मध्ये प्रचारात आणला. मोठ्या आतड्यातील कुजवणाऱ्या जंतूंचे विष अंगात भिनते, त्याने ऊती दुबळ्या होतात आणि मग भक्षक पेशी मेंदूतील चेतापेशींचाच फडशा पाडतात, असे त्यांचे म्हणणे होते. केस पांढरे होण्याचे कारणही त्यांनी असेच लावले. त्यावर उपाय म्हणून आंबवलेले दूध ते नेमाने घेत आणि युरोपभर त्याचे खूळ पसरले. जेवणाचा शेवट ताकभाताने करणाऱ्या मराठी माणसाला याची गंमत वाटावी! या आहाराने दीर्घायुष्य लाभेल ही आशा मात्र त्यांच्यापुरती फळली नाही; १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

आतड्यातील विषाचा सिद्धान्त त्या स्वरूपात टिकला नाही. भक्षक पेशींवरील संशय मात्र अगदीच अनाठायी नव्हता. मेंदूच्या स्वतःच्या भक्षक पेशी, मायक्रोग्लिया, १९१९ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ ओर्तेगा यांनी वेगळ्या ओळखल्या. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा त्याला लागतो. त्यामुळे तेथील पेशींचे इंधन आटले तर त्याची झळ स्मरणशक्तीला पोहोचते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की म्हातारपणी वाढणारा प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा दाहकारक संदेश भक्षक पेशींना ग्लुकोज जाळण्याऐवजी साठवून ठेवायला लावतो. उपाशी पडलेल्या या पेशी आपले नेमून दिलेले काम सोडून दाहच वाढवत राहतात. तो संदेश स्वीकारणारे पेशींवरील द्वार औषधाने बंद करताच वृद्ध उंदरांची स्मृती तरुण उंदरांसारखी झाली. मेंदूत न शिरणाऱ्या औषधानेही हा परिणाम साधला. माणसावर मात्र हा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही.