डॉक्टर सॉल्टर आणि बर्मंडसेची वस्ती

लंडन शहरीं, थेम्स नदीच्या दक्षिण तीरास बर्मंडसे नांवाचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें गोद्या, कातडें कमावण्याचे कारखाने, बिस्किटांचे व मुरंब्याचे कारखाने ह्यांची अशी दाटी होती, कीं एकेका खोलींत सबंध कुटुंब राही आणि एका नळावर अनेक घरांचें पाणी भरलें जाई. गोदीवरील मजुरांत आयरिश कॅथलिक पुष्कळ होते. इंग्लंडांतील दयाभगिनींचा पहिला मठ १८३९ सालीं ह्याच भागांत, डॉकहेड येथें, स्थापन झाला. तेव्हां ज्या डॉक्टराचें चरित्र येथें देत आहों ते स्वतः क्वेकर पंथाचे असले, तरी त्यांच्या रोग्यांत आपले धर्मबंधु कांहीं थोडे नव्हते.

ॲल्फ्रेड सॉल्टर ह्यांचा जन्म १८७३ सालीं ग्रिनिच येथें झाला. गाइज रुग्णालयाच्या वैद्यकविद्यालयांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. जंतुशास्त्रांत त्यांची विशेष गति होती व कीर्तीची वाट मोकळी होती. परंतु १८९८ सालीं ते बर्मंडसेंतील एका मेथडिस्ट सेवाकेंद्रांत राहावयास आले आणि तेथलेच झाले. तेथेंच सेवा करणाऱ्या एडा ब्राऊन ह्या बाईंशीं त्यांचा १९०० सालीं विवाह झाला. जमेका रोडवर त्यांनीं दवाखाना घातला. फी सहा पेन्स, आणि ज्याच्यापाशीं तेवढेहि नसतील त्याला कांहीं नाहीं.

१९०२ सालीं त्यांना कन्या झाली. तिचें नांव जॉइस. तिला कोठें वाढवावें, हा प्रश्न आईबापांपुढें उभा राहिला. त्यांच्या दर्जाच्या माणसांनीं तिला स्वच्छ हवेच्या गांवीं पाठविलें असतें. पण शेजाऱ्यांच्या मुलांना जें मिळत नाहीं तें आपल्या मुलीला निराळें काढून द्यावयाचें नाहीं, असा ह्या दांपत्याचा निश्चय होता. जॉइस त्याच गल्लींत खेळली, त्याच मुलांबरोबर शिकली. १९१० सालीं स्कार्लेट ज्वरानें ती गेली. वय आठ वर्षांचें. आणि दुसरें अपत्य नाहीं.

दाट वस्तींत तो ज्वर कसा पसरतो, हें जंतुशास्त्र शिकलेल्या बापाहून अधिक कोणास ठाऊक असणार? त्यांनीं योग्य केलें कीं चूक, हें प्रस्तुत लेखकास अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. आईबापांनीं आपल्यापुरतें व्रत घ्यावें. आठ वर्षांच्या लेकरानें तें घेतलें नव्हतें. मात्र मुलीच्या मृत्यूनंतरहि सॉल्टर दांपत्य बर्मंडसे सोडून गेलें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

पहिल्या महायुद्धास दोघांचाहि विरोध होता. युद्धकाळांत त्यांनीं केंट परगण्यांत फेअरबी ग्रेंज नांवाचें घर घेतलें होतें. युद्धानंतर तें बर्मंडसेच्या नगरपालिकेकडे गेलें. बाळंतिणी तेथें विसाव्यास जाऊं लागल्या आणि बागेंत गल्लोगल्लीं लावण्यासाठीं रोपें तयार होऊं लागलीं. १९२२ सालीं मजूर पक्षाच्या हातीं नगरपालिका आली. एडाबाई महापौर झाल्या, लंडनमधील पहिल्या स्त्री महापौर. त्यांनीं पदाचा झगा व साखळी अंगावर घेतली नाहीं. त्याच वर्षीं डॉक्टर पार्लमेंटांत निवडून गेले.

त्यापुढील कारभार बारकाईनें पाहण्याजोगा आहे. प्रत्यक्ष खातें चालविणारे आरोग्याधिकारी निराळे होते, त्यांत डॉ. कॉनन प्रमुख, पण खर्चास मंजुरी मिळविण्याचें व आग्रह धरण्याचें काम सॉल्टरांचें. मोठा शत्रु क्षय. प्रारंभीं कांहीं रोग्यांना नगरपालिकेच्या खर्चानें स्वित्झर्लंडांत लेझां येथें डॉ. रोलिए ह्यांच्या सूर्योपचारासाठीं पाठविलें. गोदीच्या मजुराचें पोर आल्प्स पर्वतावर! पण सगळ्यांनाच तिकडे कसें नेणार? म्हणून १९२६ सालीं बर्मंडसेंतच कृत्रिम प्रकाशाच्या दिव्यांचें सूर्योपचारगृह उघडलें.

सर्वांत नवलाची गोष्ट चित्रपटांची. रोग्यानें दवाखान्यांत यावें, ह्याऐवजीं खात्यानेंच रस्त्यावर जावें, असें ठरलें. १९२३ पासून खात्याचे लोक स्वतःच आरोग्यविषयक मूकपट तयार करूं लागले. मोटारगाडी गल्लींत उभी राही, मागें पडदा लागे, वीज रस्त्याच्या दिव्याच्या खांबांतून घेतली जाई आणि जवळ उभा राहून अधिकारी समजावून सांगे. मुलांची झुंबड उडे. दांत, दूध, साबण, क्षय, असे विषय. १९३७ सालीं घटसर्पाच्या लशीवर जो चित्रपट निघाला त्याचें नांवच 'रिकामी खाट' असें होतें. त्याचा सॉल्टरांच्या घराशीं संबंध नव्हता. तरी तें नांव ऐकून त्या दोघांस काय वाटलें असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

एडाबाईंनीं हजारों झाडें लावविलीं. घरांच्या बाबतींत मात्र डॉक्टरांचें स्वप्न अर्धेंच राहिलें. प्रत्येक कुटुंबास अंगणाचें बैठें घर मिळावें, अशी त्यांची इच्छा. विल्सन ग्रोव्ह येथें १९२८ च्या सुमारास तशीं थोडीं घरें झालींहि; परंतु वरिष्ठ सत्तेस तीं परवडेनात, आणि पुढें बहुमजली चाळीच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें बर्मंडसेची फार हानि झाली. सॉल्टरांच्या घरावरहि बाँब पडला. १९४२ च्या डिसेंबरांत एडाबाई वारल्या. युद्ध संपतांच, १९४५ च्या ऑगस्टांत, डॉक्टरहि गेले. १९४८ सालीं रुग्णालयें राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेलीं आणि १९६५ सालीं बर्मंडसेची नगरपालिका सदर्कमध्यें विलीन झाली.

१९९१ सालीं नदीकांठीं त्यांचें स्मारक झालें: बाकावर वृद्ध डॉक्टर बसले आहेत आणि समोर भिंतीशीं टेकलेल्या छोट्या जॉइसला हात करीत आहेत, भिंतीवर तिचें मांजर आहे. २०११ सालीं चोरांनीं डॉक्टरांचा धातूचा पुतळा पळविला. रहिवाशांनीं वर्गणी जमविली. २०१४ सालीं नवा पुतळा बसला, आणि ह्या वेळीं फावडें हातीं घेतलेल्या एडाबाईहि जवळ उभ्या राहिल्या.