देखण्या गाडीला हृदय देणारे झोरा डन्टॉव्ह

न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जानेवारी १९५३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या नव्या कल्पनांचे भव्य प्रदर्शन भरवले होते. त्यात पांढऱ्या रंगाची, फायबरग्लासच्या बांधणीची, दोन आसनांची एक उघडी मोटार होती. तिचे नाव कॉर्व्हेट. पाहणाऱ्यांच्या गर्दीत ४३ वर्षांचे एक युरोपीय अभियंतेही होते. गाडीच्या रूपावर ते भाळले. पण त्या रूपाखाली काय दडले आहे हे कळल्यावर त्यांची घोर निराशा झाली. सामान्य कौटुंबिक गाडीतले सहा सिलिंडरचे इंजिन, दोनच वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि मागे पाट्यांवर टेकलेला जुन्या धाटणीचा अखंड आस, असा सगळा संसार होता. या अभियंत्याचे नाव झोरा आर्कस-डन्टॉव्ह. पुढची बावीस वर्षे त्यांनी हा संसार एकेक करून बदलण्यात घालवली.

अमेरिकेत आज एक मोठा व्यवसाय उभा आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या, ‘मसल कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दणकट गाड्यांचे मूळ शरीर राखायचे आणि आतले इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन मात्र आजच्या काळातले बसवायचे. या गाड्यांना तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. जुन्या गाडीची मूळ अवस्था पवित्र मानणाऱ्यांना हा प्रकार रुचत नाही. पण कॉर्व्हेटसारख्या गाडीच्या बाबतीत ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न डन्टॉव्ह यांचे चरित्र वाचताना पडल्यावाचून राहत नाही.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रसेल्समध्ये झाला. आई-वडील रशियन ज्यू. वडील खाण अभियंते, आई वैद्यकाची विद्यार्थिनी. बालपण रशियात, क्रांतीच्या धामधुमीत गेले. आई-वडिलांचा काडीमोड झाला, आईच्या आयुष्यात जोसेफ डन्टॉव्ह नावाचे दुसरे अभियंते आले, आणि तरीही जन्मदाते वडील त्याच घरात राहत होते. झोरा आणि धाकटा भाऊ युरा यांनी दोन्ही पित्यांची आडनावे जोडून घेतली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला गेले. तेथील शार्लोटेनबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेतून झोरा १९३४ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले. तोवर मोटारसायकल आणि शर्यतींचे वेड पुरते जडले होते.

१९३९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी एल्फी वोल्फ या जर्मन नर्तिकेशी विवाह केला आणि त्याच सुमारास महायुद्ध पेटले. दोघे भाऊ फ्रेंच हवाई दलात दाखल झाले. फ्रान्स कोसळल्यावर नाझी फौजांच्या पुढे पळत एल्फी पॅरिसहून आपल्या छोट्या एमजी मोटारीतून बोर्डोकडे निघाल्या. पुढे सारे कुटुंब एकत्र आले आणि पोर्तुगालमधून जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले. डन्टॉव्ह हे ज्यू होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ती वाट चुकली असती तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको.

मॅनहॅटनमध्ये भावांनी कारखाना काढला. आर्कस आणि डन्टॉव्ह यांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले ‘आर्डन’. युद्धकाळात लष्करी कामांवर तो भरभराटीला आला. युद्ध संपल्यावर झोरा यांनी जे काम हाती घेतले, ते त्यांच्या पुढच्या आयुष्याची नांदीच होते. फोर्डचे १९३२ पासूनचे व्ही-८ इंजिन स्वस्त आणि लोकप्रिय होते. पण त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नव्हे तर बाजूला, ब्लॉकमध्येच असत. जळालेला तप्त वायू ब्लॉकच्या पोटातून वाट काढत बाहेर पडे, त्यामुळे इंजिन सदा तापलेले. डन्टॉव्ह यांनी खालचा ब्लॉक तसाच ठेवून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची नवी सिलिंडर हेड बसवली. व्हॉल्व्ह वर आले, दहनकक्ष अर्धगोलाकार झाला आणि तेच इंजिन कितीतरी अधिक शक्ती देऊ लागले. अडचण एवढीच की ते रुंद झाले, जड झाले आणि महागही. साध्या गाडीच्या बॉनेटखाली ते सुखाने मावेना. पुढे कंपनीही बुडाली.

त्यानंतर ते इंग्लंडला सिडनी अ‍ॅलार्ड यांच्याकडे गेले. अ‍ॅलार्डच्या गाड्या म्हणजे इंग्रजी सांगाडा आणि अमेरिकी इंजिन असा संकर. अमेरिकेत पाठवायच्या कित्येक गाड्या तर इंजिनाविनाच रवाना होत आणि तिकडे त्यांत कॅडिलॅकचे व्ही-८ बसवले जाई. एकाची गाडी, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचा गिअरबॉक्स यांची सांगड घालण्यातले कष्ट डन्टॉव्ह यांनी असे दोन्ही बाजूंनी पाहिले होते. म्हणूनच वॉल्डॉर्फच्या प्रदर्शनातली कॉर्व्हेट पाहताना त्यांना तिचे दोषही दिसले आणि त्यांवरचा उपायही.

त्यांनी शेव्हरलेचे मुख्य अभियंते एड कोल यांना पत्र लिहिले, सोबत गाडीचा कमाल वेग गणिताने काढण्याच्या पद्धतीवरचा एक निबंध जोडला, आणि १ मे १९५३ रोजी ते शेव्हरलेत साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. (शेव्हरलेच्या गाड्या भारतात २०१७ पर्यंत विकल्या जात आणि तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता, त्यामुळे हे नाव आपल्याला परके नाही.) नोकरी लागून महिना होतो न होतो तोच वरिष्ठांची नाराजी पत्करून ते अ‍ॅलार्डमधून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत धावायला गेले. साहेबांशी त्यांचे संबंध पुढे कसे राहिले असतील याची कल्पना यावरून यावी.

डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. शेव्हरलेच्या इतिहासात या टिपणाचे स्थान मोठे आहे. जुन्या गाड्या विकत घेऊन त्यांची इंजिने फुलवणारे, बदलणारे तरुण त्या काळी सरसकट फोर्डच्या नादी होते. त्यांची मासिके फोर्डने भरलेली, दुकानांतले सुटे भाग फोर्डचे. हाच तरुण उद्या कमावता झाल्यावर नवी गाडीही फोर्डचीच घेणार, हे डन्टॉव्ह यांनी दाखवून दिले. त्यावर उपाय एकच: शेव्हरलेने स्वतःच जास्त शक्तीचे भाग तयार करून या मुलांना विकावेत. वाहन कंपनीने गॅरेजमधल्या उचापतखोरांना ग्राहक मानावे, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती.

दरम्यान कॉर्व्हेटच मरणपंथाला लागली होती. १९५३ मध्ये ३०० गाड्या बनल्या, १९५४ मध्ये ३,६४०, पण त्या खपेनात. १९५५ चे उत्पादन अवघे ७०० वर आले. फोर्डने थंडरबर्ड आणली. अशा वेळी माघार घेणे म्हणजे पराभव कबूल करणे, असे डन्टॉव्ह यांनी ऑक्टोबर १९५४ मध्ये वरिष्ठांना बजावले.

गाडी वाचवली ती नव्या व्ही-८ इंजिनाने. हे इंजिन डन्टॉव्ह यांचे नव्हे, ते एड कोल यांच्या चमूचे. आणि कॉर्व्हेटची मूळ कल्पना रचनाकार हार्ली अर्ल यांची. डन्टॉव्ह यांना सर्रास कॉर्व्हेटचे जनक म्हटले जाते ते म्हणूनच तितकेसे बरोबर नाही. जन्म दुसऱ्यांनी दिला, वाढवले यांनी. १५० अश्वशक्तीच्या जागी १९५५ मध्ये १९५ अश्वशक्ती आली. डन्टॉव्ह यांनी त्यासाठी नवा कॅमशाफ्ट आखला आणि जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर स्वतः गाडी चालवून ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. १९५७ मध्ये २८३ घन इंचांच्या इंजिनाला कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा मिळाली आणि शक्तीचा आकडाही २८३ वर गेला. त्याच वर्षी हाताने बदलायचा चार वेगांचा गिअरबॉक्स आला.

इंजिन झाले, गिअरबॉक्स झाला, उरले सस्पेन्शन. अखंड आसाची खोड अशी की एका चाकाखाली खड्डा आला की दुसरेही चाक हलते, आणि डिफरन्शियलचे सगळे वजन चाकांसोबत वरखाली नाचत राहते. शक्ती दुप्पट केली तर हा दोष दुपटीने जाणवतो. डन्टॉव्ह यांनी एका प्रायोगिक शर्यती गाडीवर नवी मांडणी अजमावली आणि १९६३ च्या ‘स्टिंग रे’मध्ये ती उतरवली. डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बसवले, दोन्ही मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली आणि खर्च व जागा वाचावी म्हणून आडवा एकच पाटा टाकला. बैलगाडीच्या काळातला पाटा आणि शर्यतीच्या गाडीतले स्वतंत्र सस्पेन्शन यांचा हा मेळ खास त्यांचाच. त्या वर्षी २१,५१३ गाड्या बनल्या. डिस्क ब्रेक मात्र १९६५ पर्यंत रेंगाळले.

याच गाडीच्या मागच्या काचेला मधोमध उभी पट्टी होती. रचनाप्रमुख बिल मिचेल यांना ती प्राणप्रिय, डन्टॉव्ह यांना नकोशी, कारण तिच्यामुळे मागचे नीट दिसत नसे. एका वर्षात पट्टी गेली. तेव्हा काही मालकांनी १९६३ च्या गाड्यांची पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली. आज तीच पट्टीवाली गाडी संग्राहक शोधत फिरतात.

शर्यतीसाठी त्यांनी आखलेली हलकी ‘ग्रँड स्पोर्ट’ १२५ बनायची होती. कंपनीच्या वरिष्ठांनी शर्यतींवरील बंदीचा दंडक पुढे करून काम थांबवले, तेव्हा पाचच तयार होत्या. त्या पाचांतल्या काहींनी डिसेंबर १९६३ मध्ये नासाऊला शेल्बीच्या कोब्रा गाड्यांना मागे टाकले.

त्यांचे सर्वांत मोठे स्वप्न होते इंजिन चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यभागी नेण्याचे. पुढच्या जड इंजिनामुळे मागच्या चाकांची पकड अपुरी पडते, हे त्यांचे ठाम मत. प्रायोगिक नमुने झाले, १९७० च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात एक मांडलाही गेला; पण पुढे इंजिन असलेली कॉर्व्हेट हातोहात खपत असताना एवढा खर्च कशासाठी, यापुढे कंपनी सरकली नाही. ते स्वप्न तसेच ठेवून डन्टॉव्ह १९७५ मध्ये निवृत्त झाले. १९९२ मध्ये दहा लाखावी कॉर्व्हेट कारखान्याबाहेर पडली तो सोहळा त्यांनी पाहिला. २१ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटमध्ये त्यांचे निधन झाले. केंटकीतील बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात त्यांच्या अस्थी जतन केल्या आहेत.

त्यांच्या पश्चात वर्षभरातच, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ‘एलएस-१’ हे ५.७ लिटरचे, अ‍ॅल्युमिनियमचे, ३४५ अश्वशक्तीचे इंजिन आले. रेस्टोमॉडवाल्यांचे आजचे लाडके इंजिन याच घराण्यातले. दोन सिलिंडरांच्या केंद्रांतले ४.४ इंचांचे अंतर १९५५ चेच, बाकी जवळपास सगळे नवे. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटातच असल्याने ते अरुंद आणि आटोपशीर आहे, म्हणून साठीतल्या गाडीच्या बॉनेटखाली ते बसते. आर्डनचे इंजिन नेमके इथेच अडले होते.

बसते याचा अर्थ काम संपले असा नव्हे. सहा वेगांच्या गिअरबॉक्ससाठी अनेकदा गाडीच्या तळाचा मधला उंचवटा कापावा लागतो. इंधन फवारणीला टाकीत उच्च दाबाचा पंप हवा, संगणक आणि वायरिंग हवे, मोठा रेडिएटर हवा. ब्रेक आणि मागचा आस तसेच ठेवले तर गाडी धावते, पण वळत नाही आणि थांबतही नाही. ही सगळी साखळी डन्टॉव्ह यांना एका गाडीवर पुरी करायला दहा वर्षे लागली. आता खुद्द जनरल मोटर्स इंजिन, गिअरबॉक्स आणि संगणक असा जोडसंच खोक्यात भरून घरच्या घरी गाडी बदलणाऱ्यांना विकते. डन्टॉव्ह यांच्या १९५३ च्या टिपणातली मागणी हीच होती.

आणि २०१९ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर ४४ वर्षांनी, शेव्हरलेने नवी कॉर्व्हेट जाहीर केली तेव्हा तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते.