लक्ष्मणराव किर्लोस्करांची दोन वर्षं

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून मी हजार वेळा गेले असेन, पण हे किर्लोस्कर कोण, असा प्रश्न कधी पडला नाही. गेल्या टर्मला मैत्रिणीसोबत कापडी पिशव्या शिवून विकायला लागले आणि वेळ पुरेनासा झाला. एका सेमिनारमध्ये पहाटे पाचला उठायचा तक्ता मिळाला, तो चार दिवस टिकला. शेवटचं वर्ष सोडून पूर्णवेळ यातच पडावं का, असंही मनात यायला लागलं. तेव्हा लायब्ररीत लक्ष्मणराव भेटले.

त्यांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही, हे तिथं कळलं. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांशी त्यांची दोस्ती झाली.

किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात 1888 ची धरतात, ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. मला इथंच थांबावंसं वाटलं. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत होते आणि बेळगावातलं दुकान त्यांचे भाऊ रामूअण्णा बघत होते. म्हणजे एकाच माणसानं चोवीस तासांचे तीस तास केले नव्हते. पगार चालू होता, यंत्रांचं शिक्षण चालू होतं आणि धंदाही चालू होता, कारण माणसं दोन होती.

बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. रागाच्या भरात सोडली असं म्हणता येईल, पण पायाखाली जमीन आधीच तयार होती.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, केवढा वेळ फुकट गेला. मग गावाकडची नांगरट आठवली. पीक निघाल्यावर, पाऊस पडायच्या आधी नांगरायचं. तो हंगाम हुकला की नांगराकडे वर्षभर कुणी बघत नाही. म्हणजे दोन वर्षं म्हणजे फार तर दोन-तीनच संधी. त्यांच्या वेळेचा हिशेब तासांचा नव्हताच, हंगामांचा होता. पहाटे कितीही लवकर उठलं तरी पुढचा हंगाम लवकर येत नाही. तोवर टिकून राहणं, एवढंच आपल्या हातात असतं.

नांगर खपायला लागल्यावर नवीच अडचण आली. नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती, त्यामुळे ती सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि कर्जही त्यांनी दिलं. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. जमीन कसली, निवडुंग आणि नागांचं रान!

अशा ठिकाणी चाळिशीतला माणूस सगळं स्वतः करायला गेला असता, तर महिन्याभरात बसला असता. लक्ष्मणरावांनी कामं वाटली. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे, यंत्रं शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. आणि वाटली म्हणजे खरोखर सोडून दिली. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनासुद्धा त्यांनी पहारेकरी नेमलं. वाडीत शिवाशीव चालत नसे. विश्वास टाकल्याशिवाय वेळ मोकळा होत नाही, हे मला सेमिनारमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या मंडळाला जवळची गोष्ट म्हणजे 1920 साली याच वाडीतून पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याच्या बातमीपत्रातून मराठीतलं एक मोठं मासिक घडलं आणि पुढे ‘स्त्री’ही आलं. सगळं लक्ष्मणरावांनीच धरून ठेवलं असतं, तर हे करायला कुणाला उसंत मिळाली असती?

1956 साली ते गेले. बेळगावहून पुण्याला जाताना मिरजेनंतर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आता मी खिडकीतून मुद्दाम बघते.

वर्ष काही मी सोडलं नाही. आमच्या पिशव्यांचेही दोनच हंगाम आहेत, जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि नाताळच्या आधी. दर रविवारी मिस्सा झाल्यावर मशीनवर बसणं मी बंद केलं. हिशेबाची वही मैत्रिणीच्या हातात दिली. पहिल्या आठवड्यात तीनदा ती वही परत मागावीशी वाटली. मागितली नाही.