लोखंडी नांगराला शेतकरी घाबरायचे, तेव्हा तो विकणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

आज सोलापूरकडचा शेतकरी जुना ट्रॅक्टर घेताना इंजिन, टायर, सुटे भाग पारखतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रश्न वेगळा होता: लाकडी नांगर सोडून लोखंडी घ्यावा का?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. मुंबईत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येईनात. मग ते यंत्रांकडे वळले. बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. काळ्या रानातली हरळी काढायला मात्र खोल नांगरटच लागते, हे हळूहळू शेतकऱ्यांना पटलं.

त्यातच बेळगावातली जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचं माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली.

१९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. तोवर लोखंडी नांगराची भीती कधीच संपली होती.