मूर्तिपूजेच्या आरोपाला उत्तर देणारा दमास्कसचा योहान

चर्चमधील येशूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून गुडघे टेकणारा भाविक मूर्तिपूजा करीत असतो काय? कोरीव मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, असे बायबलमधील दहा आज्ञांत स्पष्ट बजावलेले असताना ख्रिस्ती मंदिरांत इतक्या प्रतिमा आल्या कशा? आठव्या शतकात या प्रश्नाने बायझंटाइन साम्राज्य ढवळून निघाले. त्याचे सर्वांत समर्थ उत्तर मात्र साम्राज्याच्या बाहेरून, खलिफाच्या मुलखातून आले. ते देणारा होता दमास्कसचा संत योहान, अर्थात जॉन ऑफ दमास्कस.

योहानाचा जन्म इ.स. ६७५च्या सुमारास दमास्कसमधील एका प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यात झाला. घराण्याचे नाव मन्सूर. इ.स. ६३५मध्ये दमास्कस अरबांच्या हाती गेले तेव्हा शहराच्या वतीने शरणागतीची बोलणी करणाऱ्यांत त्याच्या आजोबांचे नाव घेतले जाते. वडील सर्जून उमय्याद खलिफांच्या दरबारी महसुलाचा कारभार पाहत. राज्यकर्ते मुसलमान, कारभारी ख्रिस्ती आणि दप्तराची भाषा ग्रीक, अशी ती व्यवस्था होती. योहानानेही काही काळ दरबारी सेवा केली, असे परंपरा सांगते. इ.स. ७००च्या सुमारास दप्तराची भाषा अरबी झाली आणि जुन्या ख्रिस्ती कारभाऱ्यांचे महत्त्व ओसरू लागले. पुढे योहानाने वैभवाकडे पाठ फिरवून जेरुसलेमचा परिसर गाठला आणि संन्यासी व धर्मगुरू म्हणून उर्वरित आयुष्य घालविले. जेरुसलेमजवळच्या उजाड डोंगरकड्यातील मार साबा मठाशी त्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे.

इकडे कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सम्राट तिसरा लिओ याने इ.स. ७२६च्या सुमारास धर्मप्रतिमांविरुद्ध भूमिका घेतली. साम्राज्यावर एकामागून एक संकटे येत होती. प्रतिमापूजेमुळे देव कोपला आहे, अशी भावना बळावत होती. इ.स. ७३०मध्ये प्रतिमांवरील बंदीला संमती न देणारे पॅट्रिआर्क जर्मेनस यांना पद सोडावे लागले. साम्राज्यात राहून सम्राटाला विरोध करणे धोक्याचे होते. योहान मात्र त्याच्या हाताबाहेर होता. प्रतिमांच्या बाजूने त्याने तीन प्रबंध लिहिले. इस्लामी सत्तेच्या छायेत राहून एका ख्रिस्ती सम्राटाविरुद्ध ख्रिस्ती प्रतिमांचा कैवार घ्यावा लागावा, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग होता.

त्याचा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा होता. पहिली म्हणजे देहधारण. निराकार, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही, हे योहानाला मान्यच होते. परंतु देवाने येशूच्या रूपात मानवी देह धारण केला आणि माणसांनी त्याला डोळ्यांनी पाहिले. तेव्हा जे दिसले ते रेखाटण्यात दोष नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या मोशेला ती आज्ञा मिळाली, त्यालाच कराराच्या कोशावर करूब घडविण्यास सांगितले होते, याकडेही त्याने लक्ष वेधले. जडवस्तू तुच्छ मानायची, तर क्रुसाचे लाकूड आणि शुभवर्तमान लिहिलेली शाईसुद्धा जडच आहे, हा त्याचा बिनतोड प्रश्न होता.

दुसरी गोष्ट म्हणजे आराधना आणि वंदन यांतील भेद. आराधना केवळ देवाची. वंदन मात्र संतांना, धर्मग्रंथाला, थोरामोठ्यांनाही करता येते. प्रतिमेला दिलेला मान तिच्यावरील रंगाला वा लाकडाला नव्हे, तर तिने दाखविलेल्या व्यक्तीला पोहोचतो. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी चित्र हाच ग्रंथ, असेही त्याने मांडले. शिवाय धर्माच्या बाबतीत कायदे करण्याचा अधिकार सम्राटाला नाही, हे सांगायला तो कचरला नाही.

सम्राटाने बनावट पत्राद्वारे त्याच्यावर फितुरीचा आळ आणला, खलिफाने त्याचा हात तोडला आणि मरियेच्या कृपेने तो पुन्हा जोडला गेला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. इतिहासात तिला आधार नाही; परंतु लिहिणाऱ्या हाताची दहशत किती होती, हे तिच्यातून कळते.

इ.स. ७४९च्या सुमारास योहानाचे निधन झाले. त्यानंतर ७५४मध्ये पाचव्या कॉन्स्टन्टाइनने हिएरिया येथे भरविलेल्या धर्मसभेने मन्सूर या नावाने त्याला शाप दिले. मात्र ७८७मध्ये सम्राज्ञी आयरीनच्या काळात निकाया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांना वंदन योग्य, आराधना केवळ देवाची, हाच भेद स्वीकारला आणि योहानाचा गौरव केला. तरी वाद पुन्हा पेटला. ८४३मध्ये पूर्वेकडील चर्चमध्ये प्रतिमा कायमच्या परतल्या.

पश्चिमेत वेगळाच घोळ झाला. निकायाच्या ठरावांच्या सदोष लॅटिन भाषांतरात आराधना आणि वंदन या दोन ग्रीक शब्दांतील भेद पुसला गेला. परिणामी शार्लमेनच्या दरबारी पंडितांनी प्रतिमावंदनावर टीकेची झोड उठवली. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने तर हा भेद म्हणजे निव्वळ शब्दांचा खेळ ठरविला. झुरिच, नेदरलँड्स येथील चर्चमधून प्रतिमा हटविण्यात वा फोडण्यात आल्या. प्रोटेस्टंट पंथांतील अनेक प्रार्थनामंदिरे आजही प्रतिमांविना का दिसतात, याचे मूळ तेथे आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाच्या प्रतिकृती वाहणारा कॅथलिक भाविक मात्र निकायाचीच परंपरा चालवीत असतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९०मध्ये योहानाला चर्चचा आचार्य म्हणून मान दिला; ४ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. कॅल्व्हिनच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. ग्रंथात सोपा वाटणारा भेद नवस बोलणाऱ्याच्या मनात तितकाच स्पष्ट असतो, याची हमी कोणतीही धर्मसभा देऊ शकत नाही. परंतु टेकलेले गुडघे पाहून मनातली श्रद्धा कोणाकडे वळली आहे हे ठरविता येत नाही, हे योहानाचे सांगणेही तितकेच खरे आहे.