क्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण होतें. कामोठ्यासारख्या नव्या वसाहतींत ठिकठिकाणांहून येऊन आपण प्रभूची कथा मराठींत ऐकतों; परंतु ती कथा पुराणाच्या थाटानें मराठी ओवींत प्रथम कोणीं गाइली, हें सहसा मनांत येत नाहीं.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. त्या देशीं कॅथॉलिकांस उघडपणें धर्माचरण करणें तेव्हां कठीण झालें होतें. त्यांनीं रोम गांठलें, १५७५ सालीं येशूसंघांत प्रवेश केला, आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले. पुढचीं चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच, बहुतेक साष्टी प्रांतांत, घालविलीं.

साष्टीची भूमि शांत नव्हती. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळविण्याच्या कामीं स्टीफन्स होते. मागाहून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस ठार केलें, हेंही सांगितलेंच पाहिजे.

अशा ठिकाणीं नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें बंद पाडण्यांत आलीं होतीं. दिवसभर राबून आलेल्या माणसानें फावल्या वेळीं ऐकावें तरी काय? जुनें काढून घेतलें, मग तसेंच कांहीं नवें कां देत नाहीं, अशी पृच्छा एक जण पाद्रीकडे येऊन करितो, असा प्रसंग क्रिस्तपुराणांतच आहे. ग्रंथकर्त्यानें ही तक्रार झांकून ठेविली नाहीं, याचें आम्हांस विशेष वाटतें.

त्या तक्रारीचें उत्तर म्हणून स्टीफन्स ओवी शिकले. तो काळ एकनाथांचा. ओवी घरोघरीं कानांत बसलेली. परकी वृत्तें आणून लोकांस शिकविणें पाद्रीस सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. सुमारें अकरा हजार ओव्यांचे दोन भाग रचिले: पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही ते कचरले नाहींत. कथा नवी होती, कान जुने होते. त्या कानांस ओळखीचा वाटेल असा सूर त्यांनीं लाविला. आमच्या मतें नवा पायंडा पाडणाराचें खरें धाडस यांतच असतें.

ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला, पण रोमन अक्षरांत. कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. ते करवून घ्यावे म्हणून स्टीफन्स यांनीं १६०८ सालींच रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिलें होतें. ती इच्छा पुरी न होतांच १६१९ सालीं त्यांचें देहावसान झालें.

पुढें १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापलें गेलें. त्यांनीं रचिलेलें कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं, मरणानंतर, रायतूरलाच निघालें. मंगळुरास जोसेफ साल्डाना यांनीं १९०७ सालीं पुराणाची आवृत्ति काढिली. तीही रोमन लिपींतच. समग्र पुराण देवनागरींत छापलें गेलें तें १९५६ सालीं, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या हातून. पहिल्या छपाईनंतर तीनशें चाळीस वर्षांनीं.